गुड नाइट, सर : अँड्र्यू मिनार्स्की यांच्या स्मरणामागचा इतिहास

इंग्लंडच्या ईशान्य भागात, डार्लिंग्टन शहराजवळच्या टीसाइड विमानतळाच्या आवारात एका तरुण सैनिकाचा कांस्य पुतळा उभा आहे. अंगावर उड्डाणाचा पोशाख आहे आणि उजवा हात सलामासाठी वर गेलेला आहे. सलाम करणारे लष्करी पुतळे जगात पुष्कळ आहेत, पण हा सलाम ध्वजासाठी नाही, राजासाठी नाही आणि कोणा सेनापतीसाठीही नाही. जळत्या विमानाच्या शेपटीत अडकलेल्या एका मित्राचा निरोप घेताना हा सैनिक क्षणभर ताठ उभा राहिला होता, आणि शिल्पकाराने नेमका तोच क्षण पकडला आहे. जून २००५ मध्ये या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यासाठीचा निधी ‘द नॉर्दर्न एको’ या स्थानिक दैनिकाच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन लोकांनी उभा केला होता. सैनिकाचे नाव अँड्र्यू चार्ल्स मिनार्स्की. ते कॅनडाचे होते आणि मृत्यूसमयी त्यांचे वय २७ होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागात, सुमारे सव्वा लाख जणांनी प्रत्यक्ष विमानातून कामगिरी केली आणि त्यांपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. शंभरातले ४४ असे हे प्रमाण आहे. इतक्या मृतांमधून एखाद्याचा पुतळा होतो, त्याचे नाव शाळेला आणि विमानाला दिले जाते, आणि बाकीचे हजारो जण दगडावरच्या एका ओळीपुरते उरतात, असे का घडते? शौर्य हे त्याचे उत्तर आहे, पण अर्धेच. मिनार्स्की यांनी त्या रात्री काय केले हे जगाला कळले, कारण ते पाहणारा एकमेव माणूस कोणालाही अपेक्षा नसताना जिवंत राहिला. त्यांच्या स्मरणाचा सगळा इतिहास या एका योगायोगावर उभा आहे.

मिनार्स्की यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१६ रोजी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील विनिपेग शहरात झाला. आईवडील पोलंडहून स्थलांतरित होऊन आलेले. सोळाव्या वर्षी वडील वारले आणि घरखर्चाला हातभार लावण्यासाठी मुलाने कातडी कमावण्याच्या व फरच्या धंद्यात कातडी कापण्याचे काम धरले. जागतिक मंदीची ती वर्षे होती, त्यामुळे या कथेत वेगळे असे काहीच नाही. विनिपेगच्या उत्तर भागातल्या स्थलांतरितांच्या वस्तीत अशी मुले घराघरांत होती. १९४० मध्ये ते काही काळ रॉयल विनिपेग रायफल्स या पायदळाच्या पलटणीत होते आणि १९४१ मध्ये रॉयल कॅनेडियन एअर फोर्समध्ये, म्हणजे कॅनडाच्या हवाई दलात, भरती झाले.

कॅनडा त्या काळात साऱ्या राष्ट्रकुलाचे उड्डाण विद्यालय बनला होता. ब्रिटनचे आकाश शत्रूच्या टप्प्यात होते, तर कॅनडात मोकळे आकाश आणि सपाट गवताळ प्रदेश मुबलक होता. म्हणून राष्ट्रकुलाच्या संयुक्त प्रशिक्षण योजनेतून तेथे एक लाख तीस हजारांहून अधिक वैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारे, वायरलेस ऑपरेटर आणि गनर तयार झाले. मिनार्स्की गनर झाले, म्हणजे विमानावरच्या मशिनगन चालवणारे. १९४३ मध्ये ते इंग्लंडला पोहोचले आणि १९४४ च्या वसंतात ४१९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाले. पहिले प्रमुख जॉन फुल्टन यांच्या ‘मूस’ या टोपणनावावरून ही स्क्वॉड्रन ‘मूस स्क्वॉड्रन’ म्हणून ओळखली जाई. बॉम्बर कमांडचा ६ क्रमांकाचा गट संपूर्णपणे कॅनडाच्या हवाई दलाचा होता, आणि या गटातली ४१९ स्क्वॉड्रन मिडलटन सेंट जॉर्ज या तळावरून उडत असे. बॉम्बर कमांडच्या तळांपैकी तो सर्वांत उत्तरेकडचा होता. आजचे टीसाइड विमानतळ त्याच जागेवर आहे.

येथे मिनार्स्की ज्यातून उडत त्या लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाची अंतर्गत रचना थोडी समजून घ्यावी लागते, कारण पुढचे सगळे त्या रचनेमुळेच घडले. चार इंजिनांच्या या विमानात सात जण असत. वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, बॉम्ब टाकणारा, नॅव्हिगेटर आणि वायरलेस ऑपरेटर हे पाच जण पुढच्या भागात, एकमेकांच्या हाताच्या अंतरावर काम करीत. दोन गनर मात्र मागे असत. एक जण विमानाच्या पाठीवरच्या काचेच्या घुमटात, ज्याला टरेट म्हणत, आणि दुसरा थेट शेपटीच्या टोकाला असलेल्या टरेटमध्ये. शेपटीतल्या गनरला चार ब्राउनिंग मशिनगनच्या मागे जेमतेम बसता येईल एवढीच जागा मिळे. पॅराशूट पाठीला बांधून बसण्याइतकीही जागा नसल्यामुळे ते टरेटच्या दाराबाहेर, विमानाच्या धडात ठेवावे लागे. पाठीमागे सरकती दारे असत, पण टरेट विमानाच्या रेषेत सरळ असेल तरच ती दारे धडात उघडत. टरेट एका बाजूला फिरलेला असेल तर दारामागे मोकळे आकाश असे, आणि तसे असताना मागच्या मागे स्वतःला झोकून देणे हीही बाहेर पडण्याची एक मान्य पद्धत होती. टरेट फिरवण्याची शक्ती इंजिनावर चालणाऱ्या पंपातून, तेलाच्या दाबाने येई. इंजिन बंद पडले की दाब जाई, आणि मग हाताने फिरवण्याचा एक दांडा तेवढा उरे.

अशा जागी सात-आठ तास, गोठवणाऱ्या थंडीत, एकटे बसून अंधारात पाहत राहायचे, हे शेपटीतल्या गनरचे काम. उजेड अजिबात चालत नसे आणि डुलकी लागली तर सात जणांचा जीव जाई. पहिल्या टूरमध्ये, म्हणजे सेवेच्या पहिल्या फेरीत, ३० मोहिमा पूर्ण कराव्या लागत, त्यानंतर विश्रांती मिळे. किती जण त्या तिसापर्यंत पोहोचतात याचा हिशेब तळावरचे लोक मोठ्याने करीत नसत.

मिनार्स्की ज्या विमानात होते त्याचे कप्तान माँट्रियलचे आर्ट डी ब्रेन होते. पाठीवरच्या टरेटमध्ये मिनार्स्की बसत आणि शेपटीत पॅट ब्रॉफी. दोघेही कॅनडाचे, दोघेही गनर, आणि विमानाच्या मागच्या अर्ध्या भागात दोघेच; त्यामुळे त्यांची मैत्री जुळली यात नवल नव्हते. फरक एवढाच की ब्रॉफी अधिकारी होते आणि मिनार्स्की वॉरंट ऑफिसर, म्हणजे अधिकाऱ्यांहून खालच्या हुद्द्याचे. सात जण एकाच विमानात मरायला एकत्र जात, पण जमिनीवर उतरल्यावर अधिकाऱ्यांचा मेस वेगळा आणि इतरांचा वेगळा, अशी ब्रिटिश लष्करी परंपरा होती. संध्याकाळी दोघांच्या वाटा वेगळ्या होत, तेव्हा मिनार्स्की या विसंगतीची थट्टा म्हणून ताठ उभे राहून सलाम ठोकीत आणि ‘गुड नाइट, सर’ म्हणत. ही आठवण ब्रॉफी यांनीच पुढे सांगितली. पायलट ऑफिसर ही अधिकारपदाची पायरी मिनार्स्की यांच्या नावाला लागली, पण ती उपभोगण्याइतका वेळ त्यांना मिळाला नाही. २००५ चा पुतळा त्या तळाच्या अधिकारी मेसच्या जुन्या इमारतीसमोर उभारला गेला. वॉरंट ऑफिसर मिनार्स्की यांना हयातीत जेथे मुक्त प्रवेश नव्हता अशी ती इमारत.

१२ जून १९४४. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरून सहाच दिवस झाले होते. जर्मनीची कुमक रेल्वेने आघाडीवर पोहोचू नये म्हणून उत्तर फ्रान्समधली रेल्वे केंद्रे मोडून काढण्याची मोहीम जोरात चालू होती. अमिएँ, अरास, काँब्रे ही त्या यादीतली नावे. डी ब्रेन यांच्या विमानाला काँब्रेचे रेल्वे यार्ड मिळाले. विमानाचा क्रमांक केबी ७२६, बाजूवर रंगवलेली ओळखीची अक्षरे व्हीआर-ए. या सात जणांची ही तेरावी मोहीम होती आणि बॉम्ब पडणार होते ते मध्यरात्रीनंतर, म्हणजे तेरा तारखेला. उड्डाणाची वाट पाहत सगळे गवतावर बसले असताना मिनार्स्की यांना चार पानांचे क्लोव्हर सापडले. पाश्चात्त्यांत ते शुभशकुनाचे मानतात. ते त्यांनी ब्रॉफी यांना दिले. शकुनांवर विश्वास ठेवावा असे येथे सुचवायचे नाही. तेरा आकड्याची भीती आणि चार पानांचा दिलासा हे दोन्ही त्या तळांवर रोजच्या बोलण्यातले होते, आणि ही गोष्ट लक्षात राहिली ती पुढे जे घडले त्यामुळे.

फ्रान्सच्या हद्दीत शिरल्यावर विमान काही काळ शोधदिव्यांच्या झोतात सापडले आणि निसटले. त्यानंतर एका जर्मन रात्रलढाऊ विमानाने मागून आणि खालून हल्ला केला. डावीकडची दोन्ही इंजिने बंद पडली, डावा पंख पेटला, आणि विमानाच्या धडात, दोन टरेटांच्या मधोमध, आग लागली. विमान सोडण्याचा आदेश कप्तानाने दिला. मिनार्स्की आपल्या टरेटमधून खाली उतरून मागच्या दाराकडे निघाले. उडी मारण्यासाठी ते दार पुरेसे जवळ होते. तेथून त्यांनी शेपटीकडे पाहिले तेव्हा ब्रॉफी अजून आतच असल्याचे त्यांच्या लक्षात आले.

ब्रॉफी यांनी पॅराशूट आत ओढून घेतले होते आणि बाहेर पडण्यासाठी टरेट फिरवायला घेतला होता, पण इंजिने बंद पडल्यामुळे तेलाचा दाब गेला आणि टरेट मध्येच अडकला. ना दारे धडात उघडतील असा सरळ, ना आकाशात उडी घेता येईल असा आडवा. हाताने फिरवायचा दांडा त्यांनी इतक्या जोराने वापरला की तो तुटला. मधे पेटलेले तेल होते. मिनार्स्की त्या आगीतून सरपटत टरेटपर्यंत गेले. आग विझवताना वापरायच्या कुऱ्हाडीने त्यांनी टरेट मोकळा करण्याचा प्रयत्न केला, कुऱ्हाड चालेना तेव्हा नुसत्या हातांनी केला. त्यांचे कपडे कमरेपर्यंत पेटले होते आणि पॅराशूटलाही आग लागली होती. काचेपलीकडून ब्रॉफी यांनी हाताच्या खुणेने त्यांना परत जायला सांगितले.

मिनार्स्की त्याच आगीतून मागे मागे सरकत दारापाशी आले. वळून पाठ फिरवून जाण्याइतकी जागा तेथे होती की नव्हती हा प्रश्न वेगळा. ब्रॉफी यांनी सांगितले ते असे की त्यांची नजर सतत आपल्यावर होती. दारापाशी ते पेटत्या कपड्यांनिशी ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम केला. ओठ हलले. वाऱ्याच्या आणि आगीच्या आवाजात ब्रॉफी यांना काहीच ऐकू आले नाही, पण ते काय म्हणाले असतील याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. मग त्यांनी उडी घेतली.

जमिनीवरच्या फ्रेंच गावकऱ्यांनी एक जळता माणूस जळत्या पॅराशूटसह खाली येताना पाहिला. ते त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा मिनार्स्की जिवंत होते, पण भाजण्याच्या जखमा इतक्या गंभीर होत्या की ते वाचू शकले नाहीत. अमिएँच्या पूर्वेस मेअरिकूर या लहान गावाच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. विमान गोदिएँप्रे गावाजवळच्या शेतात कोसळले. कोसळताना झालेल्या आघाताने शेपटीचा टरेट तुटून बाजूला फेकला गेला आणि ब्रॉफी त्यातून बाहेर पडले. त्यांना जिवावर बेतणारी इजा झाली नव्हती. ज्याला वाचवण्यासाठी एक जण होरपळून मेला तो वाचला, आणि वाचला तो त्या प्रयत्नामुळे नव्हे, ही गोष्ट ब्रॉफी यांना पुढची सगळी वर्षे वागवावी लागली असणार.

सात जणांपैकी एकटे मिनार्स्की मृत्यू पावले. दोघे युद्धकैदी झाले; ब्रॉफी आणि डी ब्रेन यांच्यासह चौघांना फ्रेंच लोकांनी लपवून ठेवले. तळावरच्या नोंदवहीत मात्र त्या सकाळी एवढेच लिहिले गेले असणार की विमान परतले नाही. बॉम्बर कमांडमध्ये यासाठी ठरलेली शब्दरचना होती, आणि तिच्यात मृत्यूचा उल्लेख नसे. परतले नाही, एवढेच. त्यानंतर तळावरची एक समिती त्या माणसांच्या खोलीतून त्यांच्या वस्तू गोळा करी, त्यांची यादी करी, घरी पाठवण्यासारख्या नसलेल्या वस्तू बाजूला काढी, आणि संध्याकाळपर्यंत ते पलंग नव्या माणसांसाठी मोकळे होत. घरी तार जाई ती ‘बेपत्ता’ एवढ्या शब्दाची. साधारण सहा महिने काहीच बातमी आली नाही तर मृत्यू गृहीत धरला जाई. ते सहा महिने म्हणजे काय हे आपल्याकडे युद्धावर गेलेल्या माणसाची वाट पाहिलेल्या घरांना सांगावे लागत नाही.

ब्रॉफी सप्टेंबर १९४४ मध्ये इंग्लंडला परत आले आणि तेथे त्यांना मिनार्स्की गेल्याचे समजले. त्या रात्री विमानाच्या मागच्या भागात काय घडले ते उरलेल्या पाच जणांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. ते सगळे पुढच्या भागातून उड्या टाकून गेले होते. १९४५ मध्ये ब्रॉफी यांनी हकीकत डी ब्रेन यांच्या कानावर घातली आणि कप्तान या नात्याने डी ब्रेन यांनी शौर्यपदकासाठी पाठपुरावा सुरू केला. ११ ऑक्टोबर १९४६ रोजी, युद्ध संपून वर्ष उलटल्यावर, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च युद्धशौर्यपदक जाहीर झाले. पदक विनिपेगमध्ये त्यांच्या आईच्या हाती देण्यात आले.

हा विलंब किती मोठा होता ते एका तुलनेवरून कळते. कॅनडाच्याच हवाई दलातील डेव्हिड हॉर्नेल यांनी जर्मन पाणबुडीशी झुंज दिली ती २४ जून १९४४ रोजी, म्हणजे मिनार्स्की यांच्यानंतर बारा दिवसांनी. त्यांचे सहकारी समुद्रातून वाचवले गेले, त्यांनी लगेच जबान्या दिल्या, आणि हॉर्नेल यांचा व्हिक्टोरिया क्रॉस २८ जुलैलाच जाहीर झाला. नॉर्मन जॅक्सन या ब्रिटिश फ्लाइट इंजिनिअरची गोष्ट आणखी बोलकी आहे. एप्रिल १९४४ मध्ये ते उडत्या लँकेस्टरच्या पंखावर उतरून आग विझवायला गेले होते. ते स्वतः वाचले, पण त्यांनी याचा गाजावाजा केला नाही. त्यांचे सहकारी युद्धकैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ती गोष्ट सांगितली, आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये पदक मिळाले. पायदळात शौर्य आजूबाजूच्या तुकडीला दिसते. रायगडमधील माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत मशिनगनच्या मोर्च्यावर एकटे धावून गेले आणि तेथेच पडले, तेव्हा त्यांच्या मराठा लाइट इन्फंट्रीतील सहकारी ते पाहत होते. चार महिन्यांच्या आत, नोव्हेंबर १९४४ मध्ये, त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, पण त्यांची कबर वा समाधी कोठेही ज्ञात नाही. इटलीतील कॅसिनो स्मारकावर केवळ नाव आहे. रात्रीच्या बॉम्बर विमानाचे तसे नव्हते. सात माणसे अंधारात जात आणि बहुतेक वेळा सातही जण एकदमच संपत. त्या धडाच्या आत शेवटच्या दोन-तीन मिनिटांत कोणी कोणासाठी काय केले हे सांगायला कोणीही उरत नसे. बॉम्बर कमांडने ८,००० हून अधिक विमाने गमावली; त्यांतल्या किती विमानांत असा एखादा सलाम झाला असेल, याचा हिशेब मांडता येणार नाही.

साक्षीदार नसलेल्यांसाठी मग जे उभे राहिले ते शोधाचे आणि नोंदीचे काम होते. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाच्या यादीत चाळीस हजारांहून अधिक जण बेपत्ता होते. त्यांच्यासाठी हवाई दलाने एक खास शोधसेवा स्थापन केली. तिचे अधिकारी जीपमधून युरोपभर फिरले. गावच्या पाद्र्यांना, स्मशानरक्षकांना, शेतकऱ्यांना विचारत राहिले. कबरी उघडून त्यांनी जे हाती लागेल त्यावरून ओळख पटवली. इंजिनावरचा क्रमांक, मशिनगनवरचा क्रमांक, बोटातली अंगठी, आणि पुष्कळदा सदऱ्याच्या कॉलरवरची धोब्याची खूण. तळावरच्या धुलाईसाठी घातलेल्या त्या शाईच्या खुणेने कितीतरी अनाम मृतदेहांना नाव परत मिळवून दिले. मिनार्स्की यांच्याबाबतीत असे काही करावे लागले नाही, कारण मेअरिकूरच्या लोकांना आपण कोणाला पुरतो आहोत हे माहीत होते.

ज्यांचा मागमूसच लागला नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे लंडनच्या पश्चिमेस, थेम्स नदीवरच्या टेकडीवर असलेल्या रनीमीड स्मारकाच्या भिंतींवर कोरलेली आहेत. ऑक्टोबर १९५३ मध्ये राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांनी त्याचे उद्घाटन केले. भारतीय वाचकाला तेथे एक ओळखीचे नाव भेटेल: नूर इनायत खान. त्या विमानातून लढणाऱ्या नव्हत्या, पण हवाई दलाच्या महिला शाखेतून फ्रान्समध्ये गुप्त कामासाठी गेल्या आणि परतल्या नाहीत.

कबरी आणि नामस्मारके सांभाळण्याचे काम राष्ट्रकुल युद्धकबर आयोग करतो. पहिल्या महायुद्धाच्या ऐन मध्यात, १९१७ मध्ये, या आयोगाची स्थापना झाली आणि त्याच्या कामात दोन नियम ठरले: मृतदेह मायदेशी न्यायचा नाही, आणि हुद्दा पाहून दगड लहानमोठा करायचा नाही. पुण्यात खडकीच्या युद्ध दफनभूमीत गेलेल्यांनी ते एकसारखे, कमी उंचीचे, ओळीने उभे दगड पाहिले आहेत; मेअरिकूरमध्ये मिनार्स्की यांच्या डोक्याशी त्याच मापाचा दगड आहे, फक्त त्यावर व्हिक्टोरिया क्रॉसची आकृती कोरलेली आहे. श्रीमंत घराण्यांनी त्या काळी या नियमांना पुष्कळ विरोध केला होता. आज ओळीत उभे राहून पाहिले की तो नियम किती दूरदृष्टीचा होता हे पटते.

बॉम्बर कमांडच्या मृतांचे सार्वजनिक स्मरण मात्र दीर्घकाळ अडखळत राहिले, आणि त्याचे कारण लपवण्यासारखे नाही. रेल्वे यार्डांवरचे हल्ले हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. दुसरा भाग शहरांवरच्या बॉम्बवर्षावाचा होता. जुलै १९४३ मध्ये हँबुर्ग जळाले, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये सुमारे २५,००० माणसे मेली. मे १९४५ मधल्या आपल्या विजयी भाषणात चर्चिल यांनी बॉम्बर कमांडचे नाव घेतले नाही, हे त्या लोकांच्या मनात कायमचे सलत राहिले. त्यांच्या मोहिमेसाठी वेगळे पदक निघाले नाही. लंडनमध्ये ग्रीन पार्कात त्यांचे स्मारक उभे राहायला २०१२ साल उजाडले, आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या, म्हणजे बॉम्बवर्षावात मेलेल्या सर्व देशांच्या लोकांच्या स्मृतीचाही उल्लेख करण्यात आला. २०१३ मध्ये ब्रिटनने पदकाच्या फितीवर लावायची एक पट्टी दिली. तोवर बहुतेक जण हयात नव्हते. शहरांवरचा बॉम्बवर्षाव योग्य होता की नाही याचा निवाडा येथे करायचा नाही; पण तो निर्णय घेणारे वेगळे आणि शेपटीच्या टरेटमध्ये बसणारे वेगळे होते, हे विसरून या मृतांकडे पाहता येणार नाही.

ग्रीन पार्कमधल्या त्या स्मारकाच्या छताला एक वेगळी हकीकत आहे. त्यात वापरलेले अॅल्युमिनियम कॅनडाच्याच हवाई दलाच्या एका हॅलिफॅक्स विमानाचे आहे. मे १९४४ मध्ये, मिनार्स्की यांच्या आधी साधारण महिनाभर, ते बेल्जियममध्ये पाडले गेले आणि दलदलीत रुतले. १९९७ मध्ये ते उकरून काढले तेव्हा आत तीन जण अजून आपापल्या जागी होते. त्यांचे रीतसर दफन झाले आणि विमानाचा धातू वितळवून जपून ठेवला गेला.

कॅनडात मिनार्स्की यांचे स्मरण यापेक्षा कितीतरी आधी सुरू झाले होते, आणि तेथे त्याला नैतिक वादाची आडकाठीही आली नाही; मित्रासाठी परत फिरलेल्या माणसाविषयी कोणाचे दुमत असणार? विनिपेगमधील एका शाळेला त्यांचे नाव मिळाले, मॅनिटोबातल्या तलावांनाही मिळाले. पण सर्वांत मोठे स्मारक उडते आहे. आज जगात उड्डाणयोग्य लँकेस्टर विमाने दोनच उरली आहेत, एक ब्रिटनमध्ये आणि दुसरे ओंटारिओ प्रांतातल्या हॅमिल्टन येथील कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज संग्रहालयात. हॅमिल्टनचे विमान १९८८ मध्ये मिनार्स्की यांना अर्पण करण्यात आले आणि त्यावर केबी ७२६ हा क्रमांक व व्हीआर-ए ही अक्षरे रंगवण्यात आली. मूळ केबी ७२६ प्रमाणेच हेही माल्टन येथील व्हिक्टरी एअरक्राफ्ट कारखान्यात तयार झाले होते. त्या कारखान्यातून ४३० लँकेस्टर बाहेर पडले. महाराष्ट्रातून टोरांटोला जाणारे प्रवासी ज्या पिअर्सन विमानतळावर उतरतात, ते या माल्टनलाच लागून आहे.

पॅट ब्रॉफी १९९१ मध्ये वारले. त्यानंतर ऑगस्ट २०१४ मध्ये हॅमिल्टनचे लँकेस्टर अटलांटिक महासागर ओलांडून इंग्लंडला आले, ब्रिटनच्या लँकेस्टरसोबत ठिकठिकाणी उडाले, आणि त्याच दौऱ्यात एकेकाळच्या मिडलटन सेंट जॉर्ज तळावर उतरले. व्हीआर-ए अक्षरांचे विमान १२ जून १९४४ च्या रात्री तेथून निघाले होते. सत्तर वर्षांनी त्याच अक्षरांचे विमान त्या जागी परत येऊन थांबले, शेपटीचा टरेट मोकळा होता, आणि थोड्याच अंतरावर पुतळ्याचा हात सलामासाठी वर गेलेला होता.